आबांची घसरगुंडी

"कुलूप लावल्यावर तुम्ही ते ओढून पाहता का?"

धुळ्याच्या देवपुरात जागा बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, बायको-मुलं नाहीत, थेट कुलूप. मी म्हणालो, "पाहतो की."

"किती वेळा?"

"एकदा."

"म्हणजे पाहत नाही," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. जागा मला मिळाली ती त्यांच्या बायकोमुळे. तिला सगळे अक्का म्हणत आणि त्यांना आबा. अक्का साक्रीकडच्या खेड्यातली, बोलणं पक्कं अहिराणी. तिनं दारातूनच निकाल दिला, "मास्तर शे, ऱ्हाऊ द्या. नही ते घर रिकामं ठीसन काय करशात?" मास्तर म्हणजे मी. पांझरेच्या अलीकडच्या हायस्कुलात मी गणित आणि शास्त्र शिकवायला आलो होतो, आणि नवराबायकोपुरत्या दोन खोल्या मला हव्या होत्या.

आबा सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसीअर. सगळी नोकरी खानदेशात रस्ते आणि मोऱ्या बांधण्यात गेली, आणि त्या नोकरीतून त्यांनी पेन्शनीबरोबर एकच गोष्ट घरी आणली: संशय. दूध घालणाऱ्या बाईला ते तांब्या उपडा करून दाखवायला लावत. त्यांच्याकडे दोन खिशातली घड्याळं होती. दोन कशाला, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "एकमेकांवर लक्ष ठेवतात." वर्तमानपत्र आलं की आधी तारीख बघत, मग भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहत, आणि दोन्ही जुळली तरी चेहऱ्यावर समाधान म्हणून दिसत नसे. जुळली यातच काहीतरी गोम आहे, असा भाव.

पहिल्या महिन्यात एकदा डबा विसरला म्हणून शाळेच्या वाटेवरून परत आलो, तर हे गृहस्थ आमच्या दाराशी उभे राहून कुलूप धरून हिसडे देत होते. माझ्या डोक्यात सणकच गेली. "आबा, हे काय?"

"ओढून पाहतोय," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तुम्ही एकदाच पाहता ना."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. संध्याकाळी घरात येऊन पिठाचा डबा, ट्रंक, बायकोची पेटी, सगळं तपासलं. काही हललं नव्हतं. तरी त्यानंतर कित्येक दिवस जाताना मी दारात बारीक दोरा अडकवून जायचो. असा हा रोग. ज्याच्या शेजारी राहावं त्याला लागतो.

त्यांची मोटार होती. जुनी, कापडी हुडाची, समोरून हँडल मारल्याशिवाय सुरू न होणारी. देवपुरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या सगळ्या आग्रा रोडवरच्या एका मिस्त्रीच्या हाताखालून जात. तोंडात पान, हातात पाना आणि अंगावर चार गाड्यांचं वंगण, असा हा मुसलमान मिस्त्री. त्याच्याइतका भला माणूस मी धुळ्यात पाहिला नाही. पण आबा तेल बदलायला गाडी त्याच्याकडेही नेत नसत. "तेल तो चांगलं घालेल. पण खालचा बोल्ट त्यानं पुरा आवळला की नाही, हे मला कोण सांगणार? तोच ना?"

म्हणून तेल घरी बदलायचं. त्यासाठी गाडीखाली झोपायला हवं, आणि गाडी उचलायला हवी. जॅकचं तर नाव काढायची सोय नव्हती. "जॅक चाक बदलायला. त्याच्याखाली डोकं घालायला नव्हे," असं ते दर वेळी म्हणत, कोणी जॅकचा विषय काढलेला नसतानाही. शेवटी त्यांनी सुताराकडून बाभळीच्या लाकडाच्या दोन उतरणी करून घेतल्या. एका टोकाला जमिनीला टेकलेल्या, हळूहळू चढत जाणाऱ्या, आणि वर सपाट. कडेला लोखंडी पट्टी, पुढे चाक अडायला उंच फळी. पुढची दोन चाकं या दोन उतरणींवरून वर चढवायची, सपाटीवर उभी करायची, आणि मग खाली शिरायचं. आळीतली पोरं या जोडीला आबांची घसरगुंडी म्हणत. आबांना ते माहीत होतं. ते म्हणायचे, "नाव बरोबर आहे. घसरण्यासाठीच आहे असं समजूनच खाली जावं."

घसरगुंडी तयार झाली त्या दिवशी त्यांनी गाडी वर चढवली आणि सुताराला सांगितलं, "आता तू खाली झोप."

सुतार हादरला. "आबा, मी मरी गऊ ते हाई परत कोन करी दी?"

"म्हणजे तुला शंका आहे."

"शंका माले नही, तुमले शे."

"मला आहेच. तुला नाही ना? मग झोप. जो बनवतो त्यानं आधी झोपावं."

बिचारा देवाचं नाव घेत घटकाभर खाली पडून राहिला. उठला तेव्हा आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवसापासून उतरणीचे सांधे स्वतः तपासायला घेतले.

त्यांचे नियम मला अजून पाठ आहेत, शाळेतली प्रमेयं विसरलो तरी. काळ्या मातीवर उतरणी मांडायच्या नाहीत. "काळी माती उन्हाळ्यात फाटते नि पावसाळ्यात गिळते." म्हणून अंगणात मुरूम ठोकून, वर शहाबादी फरशी बसवून त्यांनी तेवढीच जागा टणक करून घेतली होती. गाडी चढवताना खुणा करणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं, समोर नाही. समोर उभा राहणारा हा आबांच्या लेखी मेलेलाच. चढवायची तीही गोगलगायीच्या चालीनं, दोन्ही चाकं सारखी. वर गेल्यावर हातब्रेक ओढायचा, गिअर घालून ठेवायचा, आणि मागच्या दोन्ही चाकांच्या पाठीमागे बाभळीचे तिकोनी ठोकळे हातोड्यानं ठोकून बसवायचे. एवढं सगळं झालं की आबा पुढे येत, रेडिएटरला खांदा लावत आणि गाडी मागे ढकलत. एकदा नाही, तीनदा. गाडी हलली नाही तर मगच माणूस खाली. आणि मधे चहाला जरी उठलं, तरी परत आल्यावर पहिल्यापासून. "मघाशी बसवलेला ठोकळा मघाशी होता. आत्ताचं काय?"

मी शास्त्राचा मास्तर. उतरणीचा नियम, घर्षण, वजनाचे भाग, हे फळ्यावर रोज काढणारा. एकदा मी त्यांना कागदावर आकडेमोड करून दाखवली की सपाटीवर चढलेली गाडी नुसत्या हातब्रेकवरही उभी राहील. त्यांनी कागद नीट पाहिला, घडी घातली आणि परत दिला. "मास्तर, तुमची उतरण खडूची. पडली तर पुसता येते."

आबा गाडीखाली असले की अक्कांचं घरातलं काम बंद. त्या ओट्यावर सुपात डाळ घेऊन बसत आणि निवडायचं नाटक करत. नजर सगळी गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांवर. थोड्या थोड्या वेळानं, आहात ना म्हणून, हाक मारत, "शेतस ना?" की आबा उत्तर न देता उजव्या पायाचा अंगठा हलवत. अंगठा हलला की अक्का सुपात हात घालत. तेल पूर्ण निथळेपर्यंत हा संवाद चाले. मला आधी हसू यायचं. नंतर येईनासं झालं, त्याचं कारण मिस्त्री.

मी एकदा त्याच्या दुकानाशी बसून आबांच्या संशयाची नक्कल करत होतो. कुलूप ओढणं, खांदा लावणं, सगळं साभिनय. मिस्त्री हसला नाही. म्हणाला, "मास्टरजी, आप नये हो. साक्री रोड का किस्सा नहीं मालूम."

किस्सा असा. आबा नोकरीत असताना साक्रीच्या रस्त्यावर मोरीचं काम चालू होतं. खडीची लॉरी बिघडली, म्हणून जॅकवर चढवली, आणि ड्रायव्हर खाली शिरला. आबांनी लांबून मुकादमाला ओरडून विचारलं, "चाकाला दगड लावले का?" मुकादम म्हणाला, "लावले, साहेब." आबा पुढच्या कामाकडे वळले. दगड एकाच चाकाला लावलेले होते.

"मुकादम झूठा नहीं था," मिस्त्री म्हणाला. "उसने एक पहिये को लगाये थे. उसको लगा, दूसरे को किसी और ने लगाये होंगे."

ड्रायव्हरला बाहेर काढायला आबा स्वतः गेले होते. पुढचं मिस्त्रीनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हे कळल्यावर माझा राग जायला हवा होता. थोडा गेलाही. पण खरं सांगायचं तर माणसाला दुसऱ्याचं दुःख समजलं तरी स्वतःचा अपमान विसरता येत नाही. आबा माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, हे मला टोचतच राहिलं. मी शिकलेला, पदवीधर, आणि हे मला आधी फक्त तेलाचा डबा धरायला देत होते. मग पाने पुसायला. मग बाजूला उभं राहून हातानं खुणा करायला. प्रत्येक पायरीला दोन-तीन महिने लागले. आणि मी, सांगायला लाज वाटते, पण त्या बढत्यांची वाट बघत होतो. शाळेत हेडमास्तरांनी पाठ थोपटली तरी एवढं बरं वाटलं नसतं.

त्या वर्षी नवरात्रात बायको पहिल्या बाळंतपणासाठी चोपड्याला, माहेरी गेली होती. मी एकटाच होतो. अष्टमीच्या संध्याकाळी आबांनी गाडी घसरगुंडीवर चढवली. दसऱ्याला दरवर्षी ते अक्कांना घेऊन त्यांच्या माहेरी सोनं द्यायला जात, त्याआधी जुनं तेल काढायचं होतं. दोन रात्री तेल ठिबकू द्यायचं, म्हणजे जुन्याचा थेंबही राहत नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. मधली नवमी म्हणजे खंडेनवमी. हत्यारं पूजेला बसणार, त्यांना हात लावायचा नाही, त्यामुळे वेळ आपोआप मिळत होता.

गाडी वर गेली आणि आबा मला म्हणाले, "आज ठोकळे तुम्ही बसवा."

मी बसवले. हातोड्यानं असे ठोकले की अक्का म्हणाल्या, "मास्तर, चाक फुटी ना." आबांनी खांदा लावला. तीनदा. गाडी जागची हलली नाही. मग खालचा बोल्ट काढला, तेल घमेल्यात पडू लागलं. उरलंसुरलं बाहेर यावं म्हणून आबांनी गिअर काढून हँडलचे चार वेढे फिरवले. तेवढ्यात दिवेलागण झाली, आरतीला बोलावणं आलं, आणि सगळे आत गेले.

नवमीला अक्कांनी पूजा मांडली. माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाटावर हातोडा, पाने, गाडीचं हँडल, विळी, कोयता, सगळं हळदीकुंकू लावून, झेंडूच्या फुलांखाली. मीही नमस्कार केला, प्रसाद खाल्ला, आणि अक्कांना विचारलं, यातलं माझं काय? म्हणाल्या, "तुम्हना खडू आना, त्यालाबी कुकू लावसू." मी खरंच खडू आणून ठेवला.

दसऱ्याला सकाळी आबांची गडबड चाललेली. ऊन चढायच्या आत निघायचं होतं. बोल्ट लावायचा, नवं तेल ओतायचं, की गाडी तयार. त्यांनी बोल्ट फडक्यानं पुसला, हातात तोलला आणि माझ्यापुढे धरला.

"तुम्ही जाता खाली?"

वर्षभर ज्याची वाट पाहिली ते हेच. मी धोतर खोचलं, गाडीच्या पुढच्या बाजूला गोणपाट अंथरलं आणि आडवा झालो.

"ठोकळे बघितले?" आबांनी वरून विचारलं.

"बघितले," मी म्हणालो.

मी बघितले नव्हते. पण मला ते खोटं वाटलंच नाही. ठोकळे मी स्वतः बसवले होते, स्वतः ठोकले होते. डोळ्यांपुढे दिसत होते. डोकं आणि खांदे आत घातले, बोल्टाच्या भोकावर काळं तेल थेंबानं लोंबत होतं.

"बाहेर या," आबा म्हणाले.

"काय झालं?"

"काही नाही. बाहेर या."

"आबा, सांगितलं ना मी, बघितले म्हणून."

"सांगितलंत. मी ऐकलं. आता बाहेर या."

मी बाहेर आलो. कान तापले होते. वर्षभर तपासून झालं, आणि तरी या माणसाला माझा एक शब्द पुरत नाही. आज याला काय ते सुनवायचं, सोडून द्यायची ही जागा, असं मी ठरवूनच उभा राहिलो. आबांनी टोपी काढून भिंतीवर ठेवली आणि रेडिएटरला खांदा लावला.

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा मागून कुठूनतरी करकर असा आवाज आला. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा खांदा लावला.

गाडी गेली. पुढची चाकं सपाटीवरून उतारावर आली, दोन्ही उतरणी उलटल्या, आणि गाडी धाडकन खाली येऊन अंगणातून मागे मागे जात मेंदीच्या कुंपणात घुसली. डावी उतरण गोणपाटावर आडवी पडली होती. बरोबर तिथं, जिथं माझं तोंड होतं. गोणपाटावर माझ्या डोक्याचा खळगा अजून दिसत होता.

मला चोपड्याला असलेली बायको आठवली. दुसरं काही आठवलं नाही.

आवाज ऐकून अक्का बाहेर आल्या. त्यांनी आधी दोघांचे पाय मोजले, मग गाडी बघितली. "काय व्हयनं?"

मी मागच्या चाकांच्या जागेकडे बघत होतो. फरशीवर ठोकळे नव्हते. त्यांच्या जागी हळदीची दोन बोटं, नि एकेक फूल.

अक्कांनी माझी नजर पाहिली. "ठोकळा जोयजेत का? पूजामा शेतस. काल सकायले बत्त्यावरी ठोकीसन काढात. थांबा, लयी देस."

 काल मी ज्या पाटाला नमस्कार केला, त्यावर फुलांखाली ते दोन पिवळे ठोकळे होते. माझ्या खडूच्या शेजारी.

आबांनी विचारलं, अगदी हळू, "ते कशाला घेतलेस?"

"मंग? बठ्ठी हत्यारं लिधीत," अक्का म्हणाल्या, जणू हे विचारायचं काय. "हातोडानी पूजा करतस, पानानी करतस. त्या काय करतस तुम्हना करता? ह्या ठोकळाच तुम्हना आंगवर गाडी पडू देतस नही. त्यासनीच पूजा नको का?"

 मला वाटलं, आता स्फोट होणार. ज्या माणसानं दूधवालीला, पोस्टमनला, सुताराला, मला, कोणालाही सोडलं नाही, तो आता काय बोलेल या भीतीनं मी अक्कांच्या पुढे सरकलो.

"बरोबर केलंस," आबा म्हणाले. "राहू दे तिथंच. गाडी आम्हीच खाली उतरवली. काम झालं होतं."

आयुष्यात त्यांनी बोललेलं हे एकच खोटं मला माहीत आहे. अक्कांना ते खरं वाटलं. त्या कुंपणाकडे बघून म्हणाल्या, "उतारतस ते जरा धीरे उतारो ना," आणि आत गेल्या.

गाडी कुंपणात अडकलेली, म्हणून ती दोघं माहेरी बसनं गेली. त्या संध्याकाळी ती परतल्यावर मी जागा सोडतो असं सांगायला गेलो. तोंड दाखवायची लाज वाटत होती. आबा ओट्यावर आपट्याची पानं चाळवत बसले होते.

"खोटं बोललात म्हणून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खोटं बोलणारा मला चालतो. तो मनातून भितो, एकदा तरी वळून बघतो. तुम्हाला खात्री होती. खात्री असलेला माणूस बघत नाही." मग म्हणाले, "गिअर मीही काढून ठेवला होता. परत घातला नाही. बसा."

मी बसलो. त्यांच्याकडे सोनं मागायचंही सुचलं नाही. त्यांनीच एक पान माझ्या हातावर ठेवलं.

"अक्कांना सांगायला नको?" मी विचारलं. "पुढच्या वर्षी पुन्हा काढतील."

"सांगितलं तर ती पूजा बंद करेल. हाय खाईल, पुन्हा ठोकळ्यांना हात लावणार नाही." आबा पानांकडे बघत बोलत होते. "जॅकवर माझा भरवसा नाही. ब्रेकवर नाही. तुमच्यावर तर नाहीच. पण ती पूजा बंद झाली, तर मी त्या गाडीखाली जाणार नाही, मास्तर."

दिवाळीनंतर त्यांनी सुताराला बोलावून ठोकळ्यांचा दुसरा जोड करून घेतला. सुतारानं विचारलं, जुन्याले काय व्हयनं? आबा म्हणाले, काही नाही. जुना जोड अक्कांच्या हवाली झाला, हळदीच्या डागांसकट. "हे जुने झाले," आबांनी त्यांना सांगितलं, "पूजेला हेच ठेवत जा." अक्कांनी ते लुगड्याच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून देवळीत ठेवले.

पुढच्या दसऱ्यापर्यंत माझी मुलगी रांगायला लागली होती. अंगणात गाडी पुन्हा घसरगुंडीवर चढली, नवे ठोकळे मी बसवले, आणि या वेळी प्रत्येक चाकापाशी जाऊन, वाकून, हातानं चाचपून पाहिले. आबांनी खांदा लावला. तीनदा. गाडी हलली नाही. मी गोणपाट अंथरलं.

"थांबा," आबा म्हणाले.

ते पायऱ्या चढून माजघरात गेले. मला वाटलं, पाना विसरले. दारातून दिसत होतं: ते पाटापुढे वाकले, बोटानं झेंडूची फुलं बाजूला केली, खाली दोन्ही जुने ठोकळे आहेत याची खात्री केली, आणि फुलं पुन्हा होती तशी सारखी केली.

मग बाहेर आले आणि मला म्हणाले, "हं. आता जा खाली."